पायी सफारीचा गाईड होताना: हत्ती-सिंहांसमोर जायचं कसं आणि परतायचं कसं

दक्षिण आफ्रिकेत पायी सफारीच्या गाईडचं प्रशिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाकडे एक नोंदवही असते. तारीख, जागा, वारा, प्राणी, तो पहिल्यांदा किती अंतरावर दिसला, आपण कुठवर गेलो, बाहेर कसे पडलो. प्रत्येक नोंदीशेजारी सोबतच्या सीनियर गाईडची सही. हत्ती, रानम्हैस, सिंह, बिबट्या, गेंडा, पाणघोडा यांच्यापैकी कुणाशी पायी चालताना गाठ पडली की एक नोंद. तिथल्या फिल्ड गाईड्स असोसिएशनच्या (तिला सगळे 'फगासा' म्हणतात) परीक्षेला बसायचं तर चाललेले तास आणि पडलेल्या गाठी, दोन्हींची ठरलेली संख्या भरावी लागते. ही संख्या वेळोवेळी बदलते, म्हणून प्रवेश घेताना चालू नियम विचारून घ्या.

माझ्या वहीत मी पेनानं आखलेला एक जास्तीचा रकाना होता: प्राण्याला आपण कळलो का? पहिल्या आठवड्यात तिथे 'हो', 'हो', 'हो' असंच आहे. शेवटच्या आठवड्यात बहुतेक ठिकाणी 'नाही'. हत्ती पानं ओरबाडत होता, आम्ही आलो, पाहिलं, गेलो आणि तो पानंच ओरबाडत राहिला. हे शिकायला मी इतक्या लांब गेले होते, हे मला त्या रकान्यानं सांगितलं. पुढचं सगळं त्याच अंगानं वाचा. जनावराच्या किती जवळ गेलो याचा अभिमान धरणारी माणसं या कामात भेटतात. त्यांच्याकडून काही शिकू नका.

मी शिकले ती जागा क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या अगदी उत्तरेला, लिम्पोपो आणि लुवुव्हू या नद्यांच्या बेचक्यात आहे. तिला माकुलेके म्हणतात. दोन्ही नद्या मिळतात तिथे दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि मोझांबिक एकमेकांना टेकतात. १९६९ साली वर्णद्वेषी सरकारनं माकुलेके लोकांना इथून उठवलं आणि १९९८ साली ही जमीन त्यांना परत मिळाली. त्यांनी ती नांगराखाली न घेता जंगल म्हणूनच राखली. तुम्ही ज्या वाटेनं हत्तीमागे जाता, ती कुणाच्या तरी आजोबांची गुरं न्यायची वाट असू शकते. पहिल्या दिवशी हे सांगितलं गेलं, ते फार बरं झालं.

घरून निघण्याआधी

कोर्स साधारण महिनाभराचा. कॅम्पला कुंपण नसतं. रात्री तंबूशेजारी हत्ती झाड हलवतो, ते ऐकत झोपायचं. पहाटेची चार-पाच तासांची फेरी, दुपार उतरल्यावर दुसरी, मधल्या वेळात अभ्यास. उन्हाळ्यात तिथलं तापमान चाळिशीपार जातं. मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ शिकायला उत्तम, कारण गवत बसलेलं असतं आणि जनावरं पाण्याच्या कडेला येतात. पावसाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्चमध्ये, डोक्याएवढ्या गवतात चालणं हे नवशिक्याचं काम नव्हे.

कपडे खाकी किंवा मळकट हिरवे. पांढरं, निळं, चकाकणारं काही नको. चालताना सरसर आवाज करणारी पँट नको, व्हेल्क्रोचे खिसेही नकोत. बूट किमान दोन महिने वापरून मऊ केलेले हवेत. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीच सुरू करा. विमान पूर्व आफ्रिकेतून जात असेल तर पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण इथूनच करून गेलात तरी तिथलं वेगळं करावं लागेल. तरीही करून जा, रक्त पाहून हात थरथरायचे थांबायला वेळ लागतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, कारण मला ती उशिरा कळली. कोर्सचं प्रमाणपत्र म्हणजे नोकरीचा परवाना नव्हे. दक्षिण आफ्रिकेत गाईड म्हणून काम करायला सरकारदरबारी नोंदणी लागते आणि परदेशी माणसाला वर्क परमिट. शिकून भारतात परतणार असाल तर प्रश्न नाही, पण तिथेच राहायचं मनात असेल तर पैसे भरण्याआधी याची चौकशी करा.

तयारी महाराष्ट्रातही करता येते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठा बघण्याची सोय आपल्याकडे आहे. अख्खी रात्र न बोलता, न हलता बसता आलं पाहिजे. मी मेळघाटात गणनेच्या वेळी वनरक्षकांबरोबर स्वयंसेवक म्हणून चालले होते. सोबतचे कोरकू वनमजूर दादा थोडं अंतर गेलं की उगाचच थांबायचे. पाणी प्यायचे नाहीत, काही बोलायचे नाहीत, नुसते उभे. तेव्हा मला वाटायचं, दमले असतील. माकुलेकेत दुसऱ्या दिवशी तिथल्या त्सोंगा जमातीचा ट्रॅकर, म्हणजे माग काढणारा, तसाच थांबला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आपली पावलं वाजत असतात तोवर जंगल ऐकू येत नाही.

रायफल, आणि ती कशासाठी

बहुतेक जण सगळ्यात आधी रायफलबद्दल विचारतात, म्हणून ते उरकून घेते. धोकादायक जनावरांच्या प्रदेशात गाईडकडे साधारण .३७५ एच अँड एच किंवा .४५८ विन मॅग अशा जड काडतुसाची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल असते, म्हणजे दर गोळीनंतर हातानं बोल्टचा दांडा ओढून पुढचं काडतूस चढवायची. 'अ‍ॅडव्हान्स्ड रायफल हँडलिंग' नावाची वेगळी परीक्षा पास झाल्याशिवाय तुम्हाला रायफल घेऊन पुढे चालता येत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून काडतुसं भरायची आणि काढायची. मध्येच नकली काडतूस घातलेलं असतं, ते अडलं की न गोंधळता बोल्ट ओढून पुढचं चढवायचं. शेवटी सिंहाचं चित्र तारेवरून तुमच्या अंगावर धावत येतं आणि घड्याळ लावलेलं असतं.

हा सराव इतक्या वेळा करायचा की हातांना सगळं पाठ व्हावं. कारण खऱ्या प्रसंगी डोळे जनावराच्या कानांवर, सोंडेवर, शेपटीवर हवेत, बोल्टवर नव्हे. आमचे प्रशिक्षक म्हणायचे, गोळी झाडली गेली तर आधी मागची दहा मिनिटं तपासा, चूक तिथे सापडेल. गाईडनं जनावर मारलं की चौकशी होते, कागद होतात, ते सगळं खरं. पण त्याहून मोठं म्हणजे आपल्या अजागळपणापायी एक जीव गेलेला असतो.

ओळ

पाहुणे जास्तीत जास्त आठ, दोन शस्त्रधारी गाईड. क्रुगरच्या मुक्कामी ट्रेलवर हाच शिरस्ता आहे. पुढे लीड, म्हणजे वाट काढणारा गाईड, त्याच्या लगेच मागे बॅकअप, म्हणजे दुसरा गाईड, मग पाहुणे एकामागे एक. बॅकअप शेवटी का नाही, हा प्रश्न मलाही पडला होता. संकट बहुधा समोरून येतं आणि तेव्हा दोन्ही रायफली एका बाजूला, माणसं दुसऱ्या बाजूला हवीत. मागच्या रायफलीच्या आणि जनावराच्या मधे आठ माणसं आली तर ती रायफल निरुपयोगी. झांबियात पद्धत वेगळी आहे. तिथे सरकारी शस्त्रधारी स्काउट पुढे चालतो आणि गाईड त्याच्या मागून पाहुण्यांना सांभाळतो.

प्रशिक्षणात पहिले काही दिवस तुम्ही पाहुण्यांच्या जागी चालता. नंतर बॅकअप, मग लीड, तेव्हा सीनियर गाईड तुमच्या पाठीशी. मागे चालतानाचे दिवस वाया घालवू नका. लीड कुठे वळतो आणि का वळतो, हे मनात ताडायचं आणि थांबल्यावर विचारायचं.

निघण्याआधीचं ब्रीफिंग प्रत्येकाला स्वतःच्या शब्दांत पाठ हवं. माझं असं होतं: "एका ओळीत चालायचं. चालताना बोलायचं नाही, काही दाखवायचं असेल तर चुटकी वाजवा. मी मूठ वर केली की जिथे असाल तिथे थांबा. माझ्या पुढे कुणीही येणार नाही. मी सांगेन ते आधी करायचं, कारण नंतर विचारायचं. आणि काहीही झालं तरी पळायचं नाही." शेवटचं वाक्य म्हणताना प्रत्येकाच्या डोळ्यांत बघायचं. कोण हसण्यावारी नेतंय ते तिथेच कळतं. त्याला आपल्या जवळ, बॅकअपच्या लगेच मागे घ्यायचं.

वारा

जुन्या मोज्यात किंवा पातळ कापडाच्या पुरचुंडीत चुलीची चाळलेली राख भरायची आणि ती पट्ट्याला लटकवायची. दर काही मिनिटांनी एक झटका द्यायचा. राख कुठे जाते ते पाहायचं. माझ्या दृष्टीनं गाईडजवळचं हे सगळ्यात मोलाचं साधन आहे.

वारा चेहऱ्यावर असला तर चालत राहा. गालावर असेल तर जपून. मानेवर लागला की थांबा, कारण तुमचा वास तुमच्या आधी पुढे पोचलेला आहे. सकाळी जमीन तापायला लागली की वारा फिरतो. नदीकाठच्या दरडीपाशी, दाट झाडीच्या कडेला तो गोल घुमतो. सकाळी सहाची दिशा नऊ वाजता धरून चालू नका.

कोण कशानं ओळखतो हे डोक्यात पक्कं हवं. हत्ती आणि गेंडा यांची नजर अधू, नाक जबरदस्त. गेंड्याचे कानही तिखट. रानम्हशीचं नाक, कान, डोळे तिन्ही चांगले. सिंह आणि बिबट्या आधी डोळ्यांनी आणि कानांनी टिपतात, तुम्ही त्यांना पाहण्याच्या कितीतरी आधी.

दिसण्याआधी वाचायचं

इथे वेळ द्या, कारण 'नाही'चा रकाना इथेच भरतो. जनावर समोर आल्यावर फारसं काही ठरवता येत नाही. ते तिथे असणार हे पाचशे मीटर आधी कळलं तर सगळं ठरवता येतं.

हत्तीची लीद दिसली की हात घालून बघा. आत ऊब आहे का? वरची चकाकी सुकली का? शेणकिड्यांनी फोडायला सुरुवात केली का? मोडलेल्या फांदीची साल ओली असेल, चघळून टाकलेल्या चोथ्यात लाळ असेल, तर तो हाकेच्या अंतरावर आहे. रानम्हशीचं शेण आपल्या म्हशीसारखंच, पो पडलेला. त्यावर साय धरली आहे की नाही हे गावाकडच्या माणसाला शिकवावं लागत नाही. गेंड्यांत पांढरा गवत खातो, त्याची लीद बारीक तंतूंची. काळा झुडपं खातो, त्याच्या लिदीत काड्यांचे तिरके छाटलेले तुकडे दिसतात. काळ्याची लीद ताजी असेल तर मी वाट बदलते.

ठशांत सिंह आणि तरस यांची गल्लत सुरुवातीला सगळेच करतात. तरसाची नखं उमटतात. सिंहाची उमटत नाहीत आणि मागच्या गादीला तीन पाळ्या दिसतात. ताडोब्यात वाघाचा पंजा पाहिलेला असेल तर सिंहाचा लगेच ओळखाल. सायबरट्रॅकर नावाची माग काढण्याची परीक्षा तिकडे असते. जमल्यास गाईडच्या कोर्सला जोडून तीही द्या. त्यात तज्ज्ञ तुम्हाला धुळीतल्या एकेका खुणेसमोर उभं करतो, आणि ज्याला आपण कोल्हा म्हणत होतो तो कोण निघतो ते पाहून नम्रता येते.

पक्षी ऐका. ऑक्सपेकर नावाचा लाल चोचीचा पक्षी म्हशी-गेंड्यांच्या अंगावरच्या गोचिडी खातो. झुडपांतून तो चिडका खरखरता आवाज करत उठला, की खाली कुणीतरी आहे आणि आता त्यालाही तुमची खबर लागली आहे. आपल्याकडे वानर आणि चितळ वाघाची वर्दी देतात, तिथे हे काम माकडं, इम्पाला हरणं आणि खारीही करतात. वासही येतो. म्हशींच्या कळपाचा वास गोठ्यासारखा असतो, आणि मदात आलेल्या हत्तीचा उग्र, नाकात बसणारा.

जवळ जाणं

प्रत्येक जनावराभोवती अदृश्य कडी असतात. बाहेरच्या कड्यात तुम्ही असलात तरी त्याला फरक पडत नाही. आत गेलात की ते चरायचं थांबतं, मान वर करतं. आणखी आत गेलात तर निघून जातं किंवा ताकीद देतं. सगळ्यात आतल्या कड्यात त्याला पळायला जागा उरत नाही, आणि मग ते अंगावर येतं. ही कडी ठरावीक मापाची नसतात. पिल्लू सोबत असेल, जखम असेल, दाट झाडी असेल, काल कुणी त्रास दिला असेल, तर आतलं कडं अचानक तुमच्या पायापाशी येतं.

त्यामुळे जवळ जाण्याआधी चार गोष्टी ठरवायच्या. पाहुण्यांना कुठे उभं करणार? तिथे आडोसा काय, झाड, वारूळ की दरड? वारा कसा? आणि परतायची वाट कोणती? ही चौथी गोष्ट मी एकदा विसरले.

लुवुव्हूच्या काठावर, सकाळी नऊच्या सुमारास. पुढे चालायची पाळी माझी. मादी हत्तींचा कळप, लहान पिल्लांसकट, वाळूत उतरत होता. वारा तोंडावर, आडोशाला दरड, सगळं जमून आलं होतं. साठेक मीटरवर आम्ही बसलो. दहा मिनिटांनी मी राखेचा मोजा झटकला आणि राख सरळ कळपाकडे गेली. दरडीपाशी वारा फिरला होता. म्होरक्या मादीची सोंड वर गेली. एका क्षणात पिल्लं आत, मोठ्या माद्या बाहेर. मी मागे वळून पाहिलं, तर आम्ही आलो ती वाट आता वाऱ्याच्या सोबतीनं कळपालाच वळसा घालत होती. दुसरी वाट मी पाहूनच ठेवली नव्हती. माझ्या मागच्या सीनियर गाईडनं खांद्यावर हात ठेवला आणि आम्हाला दरडीवर चढवलं. ती मादी कान पसरून वीस-पंचवीस पावलं आली, उभी राहिली, माती उडवली आणि परत फिरली. सगळा कळप पाणी न पिताच निघून गेला.

कुणाला काही झालं नाही. पण त्या पिल्लांचं पाणी माझ्यामुळे चुकलं, हे मला अजून टोचतं. त्या दिवशी वहीत 'हो' लिहिलं, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि पुढे लिहिलं: "बाहेरची वाट नव्हती." तेव्हापासून बसण्याआधी मी परतीची वाट बोटानं दाखवते, बॅकअपला आणि पाहुण्यांना.

आणखी एक सवय लावून घ्या. पाहणं अजून रंगात असतानाच निघायचं. हत्ती डोळ्यांआड जाईपर्यंत थांबलात, तर पुढच्या वेळी तो कुठून समोर येईल हे सांगता येणार नाही.

कोण कसा वागतो

हत्तीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण तोच सगळ्यात जास्त बोलतो. सोंडेचं टोक तुमच्या दिशेनं वळलं म्हणजे तो वास घेतोय. एक पाय झुलवणं, उगाच गवत उपटून खाल्ल्यासारखं करणं, म्हणजे मन द्विधा आहे. अशा वेळी हलू नका, त्याला ठरवू द्या. मान उंच, कान पसरलेले, डोकं हलवणं, चीत्कार ही ताकीद. त्यानंतर बहुतेकदा हूल येते: धावत येतो आणि काही अंतरावर थांबतो. कान मागे चिकटलेले, सोंड छातीशी वळवलेली, आवाज नाही, असा आला तर तो गंभीर आहे असं धरा. पण याही खुणांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. हत्तीनं हे नियम वाचलेले नाहीत. कानशिलावरून पाझर, मागच्या पायांवर सतत ठिबकणारी लघवी आणि ताठ मानेनं चालणं दिसलं की तो नर मदात आहे. त्याच्या वाटेला जायचं नाही, शिकतानाही नाही आणि नंतरही नाही.

रानम्हशींचा मोठा कळप बहुधा उधळतो, थोडं पळून वळतो आणि कुतूहलानं तुमच्याकडे बघत राहतो. भीती असते ती कळपातून बाहेर पडलेल्या म्हाताऱ्या रेड्यांची. ते दोघं-तिघं मिळून नदीकाठच्या दाट झाडीत, चिखलात लोळून पडलेले असतात. त्यांना तिकडे 'डागा बॉईज' म्हणतात, डागा म्हणजे चिखल. ते तोपर्यंत हलत नाहीत, जोपर्यंत तुम्ही त्यांच्या अंगावर जाऊन पोचत नाही. उपाय एकच, अशा झाडीतून शिरू नका, लांबून वळसा घाला. वळसा घालायला वीस मिनिटं जास्त लागली म्हणून पाहुणे कुरकुरले तर कुरकुरू द्या.

सिंह बहुतेक वेळा माणूस चालत येताना पाहून उठून जातात. जात नाहीत तेव्हा कारण असतं: शिकार, बछडे किंवा जोडी लागलेली. गुरगुर ऐकू आली आणि शेपूट चाबकासारखी खालीवर आपटायला लागली, की जागच्या जागी थांबा. सिंह धावून आला तर तोंड त्याच्याकडे ठेवून उभं राहायचं आणि जोरात, खर्जातल्या आवाजात ओरडायचं. तो बहुधा थांबतो. मग तो वळून जायला लागेपर्यंत हलायचं नाही. नंतर एक पाऊल मागे. पुन्हा गुरगुरला तर पुन्हा थांबायचं. तोंड न फिरवता असं मागे येत राहायचं. पन्नास मीटर मागे यायला आम्हाला एकदा बराच वेळ लागला होता, आणि तो लागलाच पाहिजे.

बिबट्याचं उलटं. झाडीत दबलेला बिबट्या दिसला आणि तुम्ही त्याला पाहिल्याचं त्याला कळलं नसेल, तर नजरेला नजर देऊ नका. पाहिलंच नाही असं दाखवत त्याच चालीनं पुढे जा. आपण दिसलो, हे कळलं की तो कोंडीत सापडल्यासारखा वागतो.

गेंड्याच्या बाबतीत झाड शोधा, जाड बुंध्याचं. पांढरा गेंडा शांत असतो, गडबडला तरी बहुधा पळतो. काळा आवाजाच्या दिशेनं धावून येतो. आज आफ्रिकेत दिसणारे दक्षिणेकडचे पांढरे गेंडे हे दक्षिण आफ्रिकेतल्याच इम्फोलोझी अभयारण्यात उरलेल्या मूठभर गेंड्यांचे वंशज आहेत. त्याच इम्फोलोझीत १९५० च्या दशकात वनाधिकारी इयान प्लेयर यांनी माकुबू न्तोम्बेला या झुलू सहकाऱ्याबरोबर पायी ट्रेल सुरू केले. म्हणून एक गोष्ट हात जोडून सांगते. गेंडा दिसला तर जागा रेडिओवर उघड बोलू नका, फोटो त्या दिवशी कुठेही टाकू नका, आणि मोबाईलमधली लोकेशनची नोंद बंद ठेवा. चोरटी शिकार करणारे हे सगळं बघत असतात.

पाणघोडा रात्री चरायला बाहेर पडतो आणि पहाटे पाण्यात परततो. त्याच्या आणि पाण्याच्या मधे कधीही येऊ नका. बोरूच्या बनातल्या त्याच्या बोगद्यासारख्या वाटा वापरू नका. ढगाळ सकाळी तो उशिरापर्यंत बाहेर असतो हे ध्यानात ठेवा. मगरीसाठी पाण्याच्या काठापासून काही मीटर आतून चालायचं आणि रोज एकाच जागी पाणी भरायचं नाही.

लहान जीवांचा माणसाला जास्त त्रास होतो. पफ अ‍ॅडर आपल्या घोणशीसारखा जाड, वाटेवर निपचित पडून राहणारा. पाऊल बघून टाका, ओंडका ओलांडताना आधी त्यावर चढा आणि मग पलीकडे. पुढचे चिमटे बारीक आणि शेपटी जाड असलेला विंचू जास्त विषारी. गोचिडी रोज संध्याकाळी अंगावरून काढायच्या. त्यांच्या चाव्यानंतर ताप आला तर लपवायचा नाही.

अंगावर आलंच तर

क्रम ठरलेला असतो आणि तो रोज मोठ्यानं म्हणायचा. एक, थांबा. दोन, पाहुणे गाईडच्या मागे, घट्ट एकत्र, म्हणजे जनावराला एकच मोठा आकार दिसेल. तीन, बॅकअप एक पाऊल बाजूला, म्हणजे त्याला समोरचं मोकळं दिसेल. चार, लीड आवाज करतो: आधी ठाम बोलणं, मग ओरडणं, टाळी. पाच, जनावर थांबलं की तोंड न फिरवता मागे. गोळी या सगळ्याच्या शेवटी येते, जेव्हा ते थांबणार नाही हे नक्की होतं आणि माणूस वाचवायचा दुसरा मार्ग उरत नाही.

कॅम्पमध्ये याची तालीम करा. एकानं हत्ती व्हायचं, बाकीच्यांनी पाहुणे. पहिल्यांदा सगळ्यांना हसू येतं. दहाव्यांदा कुणी हसत नाही आणि पाय आपोआप योग्य जागी जातात.

पाहुणा पळालाच तर? बॅकअपनं त्याचा हात धरायचा. तेव्हा लीडची नजर जनावरावरून हलता कामा नये. आमच्या तुकडीत एकाला हे जमेना, तो प्रत्येक वेळी मागे वळून बघायचा. त्यानं मोकळेपणानं सांगितलं, आणि आम्ही सगळ्यांनी रोज संध्याकाळी अर्धा तास त्याच्याबरोबर तालीम केली. भीती वाटते हे जो बोलून दाखवतो, त्याच्या पाठीमागे चालायला मला आवडतं.

नोंद

परतल्यावर चहा पिण्याआधी बसायचं. लीड आधी बोलतो, त्यानं काय पाहिलं आणि काय ठरवलं. मग बॅकअप. मग सीनियर गाईड, आणि त्याच्या तोंडून निम्म्या गोष्टी अशा निघतात ज्या तुम्ही पाहिल्याच नव्हत्या. त्या वेगळ्या रंगाच्या पेनानं लिहा. माझ्या वहीत पहिल्या आठवड्याची पानं हिरव्या शाईनं भरलेली आहेत.

गाठी मोजायच्या म्हणून नोंद फुगवू नका. दोनशे मीटरवरून दिसलेला, आपल्यापासून दूर चाललेला हत्ती म्हणजे हत्ती दिसला एवढंच, गाठ नव्हे. सही करणाऱ्याला ते कळतं, आणि उद्या तुमच्या मागे आठ माणसं चालणार आहेत.

बाकीचे रकाने संध्याकाळी भरले तरी चालतात. वाऱ्याचा आणि परतीच्या वाटेचा मात्र तिथेच, उभ्या उभ्या भरा. कॅम्पवर आल्यावर प्रत्येकाला वारा आपल्या सोयीचा आठवतो.